न विसरलेला वायसर

माझ्या हातून दुरुस्त झालेले गिअरबॉक्स रस्त्यावर फारसे बिघडले नाहीत. जे बिघडले, ते गाडीत बसण्याआधीच बिघडले. मिस्त्री स्वतःची कातडी वाचवतोय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. हुमनाबादला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं काढली की लोकांना आपल्याबद्दल काय वाटतं याची माणसाला सवय होते.

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मिस्त्री. म्हणजे ज्या गाडीला क्लचचं पायडल नसतं तिचा. हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली शिकून परत आलो, तेव्हा हुमनाबादेत अशी गाडी औषधालाही नव्हती. बरीच वर्षं लॉऱ्यांवरच पोट भरलं. मग हळूहळू अशा गाड्या येऊ लागल्या. आमच्या भागात ऑटोमॅटिक गाडी कुणी हौसेनं विकत घेत नाही, ती आपसूक येते. पोरगा पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला असतो. त्यानं नवी गाडी घेतली की जुनी बापाच्या अंगणात आणून लावतो आणि 'बाबांना गाडी दिली' म्हणून चार जणांना सांगतो. बाबा वर्षभर ती चालवतात आणि मग माझ्याकडे येतात.

या यंत्राबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रं असतात, त्यांना मार सोसतो. ऑटोमॅटिकमध्ये सगळा कारभार तेलाच्या हाती. आत पातळ गोल प्लेटा असतात, त्यांना कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. तेलाचा दाब आला की प्लेटा एकमेकींना धरतात आणि गिअर पडतो. या अस्तराला धूळ चालत नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. पाण्यानं त्याचा गोंद सुटतो. बॉक्सच्या तोंडाशी घागरीएवढी एक गोल लोखंडी पेटी असते, तिला कन्वर्टर म्हणतात. ती नुसती आत सरकवलेली असते, बोल्ट-बिल्ट काही नाही. नीट बसली की तीनदा खट्, खट्, खट् असं वाजतं. नंतर ती दोन बोटं जरी पुढे सरकली आणि तशीच इंजिनाला आवळली, तर आतला पंप फुटतो आणि महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. म्हणून बॉक्सच्या तोंडावर एक आडवी लोखंडी पट्टी बोल्टानं मारायची. ती पट्टी गाडीत बसवायच्या क्षणापर्यंत काढायची नाही.

एवढं साधं आहे. पण गिऱ्हाइकाला साधं सांगितलेलं पटत नाही. करजगीच्या एका शेतकऱ्याचा बॉक्स मी असाच पट्टी मारून पाठवला होता. बसवायला गेलो तर पट्टी गायब. विचारलं तर म्हणाला, "मिस्त्री, त्ये लोखंड उगंच जादाचं दिसायलतं, म्हनून काढलो." जादाचं लोखंड त्यानं गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून ठोकलं होतं. कन्वर्टर चार बोटं बाहेर आला होता. मी तो पुन्हा बसवला, तीन खट् ऐकले आणि मगच घाम पुसला. पट्टी काही परत मिळाली नाही. गेल्या साली त्या बाजूला गेलो होतो तेव्हा अडसर जागेवर होता, म्हैसही आत होती. माझ्या कामापैकी इतकं टिकाऊ दुसरं काही नाही.

तेव्हापासून मी बॉक्स देताना पाठ केल्यासारखं बोलायचो. उभा ठेवायचा, आडवा करायचा नाही. खालच्या तेलाच्या परातीवर भार द्यायचा नाही, लाकडी चौकटीवर ठेवायचा. कन्वर्टरला धरून उचलायचा नाही. पट्टी काढायची नाही, बुचं काढायची नाहीत. समोरचा माणूस बघून हेच कानडीत, दखनीत नाहीतर मराठीत सांगायचो, आणि शंका असली तर तिन्हीत. माझी बायको म्हणायची, पोरीला सासरी पाठवताना सुद्धा तुम्ही एवढं बोलला नव्हता. खरंच नव्हतो. पोरगी शहाणी होती.

आता कलावतीअक्काची गोष्ट.

अक्का भालकीची. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिचा डावा पाय बारीक राहिला होता. लग्न झालं नाही, थोरल्या भावाच्या, माणिकअण्णाच्या घरी राहायची. धंदा साड्यांचा. उदगीरहून माल आणायचा आणि भालकी, औराद तालुक्यातल्या गावांतून घरोघरी विकायचा. वीस वर्षं तिनं हे काठी टेकत एसटीनं केलं, गाठोडं चढवायला आणि उतरवायला दर वेळी कुणाचं तरी तोंड बघत. मग तिनं साठवलेल्या पैशातून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. अशा गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. तो नुसता बसून असतो, गावातल्या पुष्कळ पुरुषमाणसांसारखा. गाडी घेतली अक्कानं, पण कागद अण्णाच्या नावावर. बाईमाणसानं कुठं कचेरीत खेटे घालायचे, असं म्हणून अण्णानं सही केली होती. दोन वर्षं अक्का त्या गाडीतून अशी हिंडली की बाया म्हणायच्या, साडीवालीच्या आधी साडीवालीची धूळ येते.

मग गिअरबॉक्स निकामी झाला. गाडी अण्णाच्या अंगणात उभी राहिली, आणि अण्णाला आपल्या नावाचे कागद आठवले. बिदरचा एक जण गाडी आहे तशी घ्यायला तयार होता.

मी पहिल्यांदा गाडी बघायला गेलो तेव्हा अण्णा बाजेवर बसून म्हणाला, "इकून टाक म्हनायलोय तिला. येका पायाचं मानूस, कशाला पायजे ही गाडीची झंझट? पुन्यांदा बिघडली की पुन्यांदा मिस्त्री."

अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "येक डाव करून बघू दे की अण्णा. न्हाई चालली तर इक. मी तोंडातनं शबुद काढणार न्हाई."

असा तो करार झाला. एक डाव. बॉक्स नीट चालला तर गाडी अक्काची, पुन्हा बिघडला तर बिदरवाल्याची. मी तेव्हा फुशारकीनं म्हणालो, "अक्का, माझ्या हातचा बॉक्स परत येत न्हाई." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

गाडी भालकीत ठेवून नुसता बॉक्स काढून मी हुमनाबादला आणला. अस्तरं जळून कोळसा झाली होती. सगळं नवं घातलं, हात राखून केलं नाही. दसऱ्याच्या आठवडाभर आधी बॉक्स तयार होता. अडलं होतं ते तेल थंड करायच्या जाळीवर. जुन्या जाळीत आधीच्या बॉक्सचा कचरा अडकलेला असतो, ती तशीच लावली तर नवा बॉक्सही त्याच वाटेनं जातो. नवी जाळी हैदराबादहून यायची होती. तोवर बॉक्स माझ्या शेडमध्ये चौकटीवर उभा, प्लास्टिक गुंडाळलेला, पट्टी मारलेला. सगळ्या भोकांना रबरी बुचं लावली होती. म्हणजे एक सोडून सगळ्यांना. मापाचं बुच संपलं होतं, म्हणून तेल मोजायच्या नळीच्या तोंडात मी स्वच्छ फडकं कोंबलं. चार दिवसांचा तर प्रश्न, असं म्हटलं.

तेवढ्यात माणिकअण्णा कुठल्याशा कामाला पिकअप घेऊन हुमनाबादला आला आणि शेडमध्ये डोकावला. म्हणाला, "द्या की डबा, रिकामाच चाललोय. तुमी नंतर हात हलवत या."

मला द्यायचा नव्हता. पण सणाच्या तोंडावर शेडमध्ये चार गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि पिकअप दारात उभी होती. दिला. दिला म्हणजे आधी माझं सगळं पाठांतर ऐकवलं. अण्णा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, मी साखर कारखान्याला ऊस नेणारा मानूस. ह्यो डबा न्यायला शाळा शिकावी लागतीया व्हय?"

मी जुना टायर अंथरला, त्यावर चौकट ठेवली, चारी बाजूंनी दोर ओढला. पिकअप वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभा होतो. माझी खात्री होती की हा माणूस मुद्दाम खड्ड्यातून घालणार. बिदरवाला तयार असताना त्यानं बॉक्स का जपावा?

पण अण्णानं तो फुलासारखा नेला. नंतर मी स्वतः तपासलं, दोर जसा बांधला तसा होता, पट्टी जागेवर होती, कन्वर्टर तसूभर हलला नव्हता. माणसं ओळखण्यात माझा हात इतका कच्चा आहे, म्हणूनच मी यंत्रांच्या धंद्यात पडलो असेन.

जाळी आली. खंडेनवमीला माझ्या शेडमधल्या पान्या-पकडींची पूजा केली आणि दसऱ्याच्या सकाळी टेम्पोनं भालकी गाठली. अंगणात शेणसडा, रांगोळी. आंब्याची तोरणं गाडीला पण बांधलेली. शेजारपाजारच्या बाया जमलेल्या. आणि पडवीत पाटावर, झेंडूची माळ घातलेला, हळदीकुंकू लावलेला माझा बॉक्स. आरशासारखा लखलखत होता.

मी जागेवरच थांबलो.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं लोखंड तेवढं पूजेला लागतं. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, विहिरीवरची मोटार, स्कूटर. आणि पूजेला मांडायचं म्हणजे आधी धुवायचं. हे आमच्या पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. मी तीन भाषांत आडवं करू नका, उचलू नका, काढू नका असं सगळं सांगितलं होतं. धुऊ नका, हे एकाही भाषेत सांगितलं नव्हतं. मी स्वतः त्याच दिवशी माझ्या शेडमधली ऐरण धुऊन पुसून पाटावर ठेवली होती, आणि भालकीतही आज तेच चाललं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अक्का काठी टेकत पुढे आली. तिचा चेहरा बघवत नव्हता इतका आनंदी होता. म्हणाली, "बघा मिस्त्री, कसा झालाय! मीच धुतले. मोटारीचा पाईप लावून तीन पाणी काढले. त्ये प्लास्टिक किती मळलं होतं! आन् नळीच्या तोंडात तेलकट चिंधी होती, शुभदिनी बरी दिसत न्हाई म्हनून काढून टाकले. धुणं झाल्यावर नव्या ब्लाउजपिसाचा तुकडा लावले."

तुकडा मोरपिशी होता, जरीच्या काठाचा. मी तो काढला आणि बॉक्स अगदी किंचित कलता केला. नळीच्या तोंडातून चार थेंब पाटावर पडले. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं. पडलं ते गुलाबी होतं, दुधाळ गुलाबी. तेलात पाणी गेलं की असाच रंग येतो. मी पटकन बॉक्स सरळ केला.

आता काय सांगायचं? तसाच बसवला असता तर गाडी चालली असती. ढोल वाजले असते, अक्का गावभर एक फेरी मारून आली असती. मग महिन्या-दोन महिन्यांत अस्तरं सुटली असती, आणि करार ठरलेला होता. आणि खरं सांगितलं असतं, की अक्का, तुम्ही बॉक्समध्ये पाणी घातलंत, तर दोन महिने सुद्धा थांबायची गरज नव्हती. अण्णा बाजेवरच बसला होता.

त्यानं विचारलंच. "काय वं मिस्त्री, कामून थांबलाव? मुहूर्त जायलाय."

"अण्णा," मी म्हणालो, "माझीच चूक झाली. आत येक वायसर घालायचा ऱ्हायला. वाटेत येताना आठवलं. बॉक्स परत न्यावा लागतोय."

मग अण्णा इतका हसला की बाज करकरली. "आन् मला शाळा शिकवायला होता! आडवं करू नका, उचलू नका! आवो, मी नीट आणलो की न्हाई?"

"तुमी नीट आणला," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललो त्यातलं तेवढं एक खरं होतं.

"मग? हिच्या हातनं काय बिघडलं न्हाई न्हवं?"

"अक्काच्या हातनं काही बिघडलं न्हाई. अक्काचा डाव तसाच हाय. ह्यो माझा डाव वाया गेला."

अण्णानं मान डोलावली. न्यायाला पक्का माणूस. अक्का मात्र नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं की सणाच्या दिवशी माझ्यामुळे हिची मान खाली गेली. मी माळ काढून गाडीच्या आरशाला अडकवली आणि बॉक्स टेम्पोत चढवला.

शेडमध्ये उघडला तर अस्तरं फुगायला लागली होती. सगळ्या प्लेटा काढल्या, पुन्हा नव्या घातल्या, कन्वर्टर बदलला. दसरा ते दिवाळी हा साड्यांचा हंगाम. त्यातले बारा दिवस अक्काचे माझ्या बाकावर गेले. ते मी तिला परत देऊ शकलो नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आणि त्या बारा दिवसांत हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. रबरी बुच असतं तर पाणी आत गेलंच नसतं. बुच घट्ट बसतं, ते तिच्या हातून सहजी निघालं नसतं. चिंधी मी कोंबली होती. अक्काला वाचवायला म्हणून मी जे खोटं बोललो होतो, ते नीट बघितलं तर बरंचसं खरं निघालं. खोटं बोलल्याचा मोठेपणा सुद्धा माझ्या पदरात पुरा पडला नाही.

दुसऱ्या खेपेला मी कुणाच्या पिकअपवर भरवसा ठेवला नाही. टेम्पोत मागे बॉक्सपाशी बसलो, एक हात पट्टीवर ठेवून, थेट भालकीपर्यंत. त्याच दिवशी बसवला. नवी जाळी लावली, तेल भरलं, गाडी चालू करून एकेक गिअर टाकून बघितला. मग अक्काला म्हणालो, बसा. ती बसली, काठी शेजारच्या सीटवर ठेवली आणि फाटकातून बाहेर पडली. परत आली ती तासाभरानं. कुठं गेली होती कुणी विचारलं नाही. गाडी आजही चालते.

चाललं नाही ते माझं नाव. अण्णानं सगळ्या तालुक्याला सांगितलं. कारखान्यावर उसाच्या रांगेत वेळ घालवायला त्याच्याकडे दुसरा विषय नव्हता. तिथून ते कलबुर्गीपर्यंत गेलं. पस्तीस वर्षांत मी किती बॉक्स जोडले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण न विसरलेल्या एका वायसरचा ठेवला. गिऱ्हाईक बॉक्स न्यायला आलं की डोळा बारीक करून विचारायचं, "मिस्त्री, वायसर मोजून घातलाव न्हवं?" पाठीमागे शेडमधली कामाची पोरं मला वायसर मिस्त्री म्हणतात हे मला कळलं होतं. मी हसायचो. मनातून जळायचो. माणसाला आपल्या कामाचा गर्व असतो, त्याचं काय करायचं? दुसऱ्याच्या चुकीनं बदनाम झालो असतो तर एक वेळ सोसलं असतं. मी तर न झालेल्या चुकीनं झालो होतो.

त्या सालापासून माझ्या पाठांतरात एक वाक्य वाढलं. धुऊ नका. लोक चमकून बघायचे, की हा म्हातारा झाला.

आता शेड बंद केलं. या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की अक्काचं नाव, गाव सगळं बदलून टाकायचं. धुणारी कुणी तरी शेजारीण करायची. तरी म्हटलं, एकदा विचारलेलं बरं. अक्काला फोन केला आणि चाचरत सांगितलं, की अक्का, त्या दसऱ्याला मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. पाटावर गुलाबी पानी पडलं होतं. तुमी गेल्यावर मीच पदरानं पुसले. बाकी कुनी बघू नये म्हनून."

इतकी वर्षं! मी विचारलं, "मग बोललाव कामून न्हाई?"

"बोलले असते तर गाडी गेली असती. त्याच साली अण्णानं टॅक्टर नाल्यात घातला, मिस्त्री. टॅक्टर इकून टाका म्हनून कुनी म्हनलं का? मला येक चूक करायची बी सोय नव्हती. तुमी घेतलाव तुमच्या डोक्यावर, मी घेऊ दिले. त्येचं मला लई लागत होतं."

मी म्हणालो, नाव बदलून लिहितो.

"काही बदलू नका. गाडी कवाच माझ्या नावावर करून घेतलेय. खरं नाव घाला, धुतले त्ये बी घाला, ब्लाउजपीस बी. अण्णा आता रानातल्या घरात ऱ्हातोय, त्येला दिसत न्हाई नीट. अंक आला की मी गाडी घेऊन जाते आन् मोठ्यानं वाचून दाखवते."

म्हणून वर सगळं होतं तसं लिहिलं आहे. माणिकअण्णा, आता अक्का इथपर्यंत आली असेल. तर ऐका. वायसर सगळे जागच्या जागी होते.